थकबाकी आप्पा

निवडणूक जाहीर झाली की आप्पांची वही माळ्यावरून खाली येते. लाल कापडी बांधणीची, लांबुळकी, पूर्वी दुकानदार लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू वाहून उघडायचे तसली. पहिल्या पानावर 'श्री', त्याखाली 'आश्वासने – येणे बाकी' आणि त्याखाली आखलेले सहा रकाने: तारीख, कर्जदार, काय देणे, मुदत, जामीनदार, शेरा. आप्पा फडक्याने वहीवरची धूळ झटकतात, कपाळावरचा चष्मा नाकावर आणतात आणि ओट्यावर बैठक मारतात. रस्त्याने प्रचाराची जीप गेली की मान वर न करता एवढंच म्हणतात, "या. तुमचंच पान काढलंय."

जत तालुक्याच्या कोरड्या बाजूला आमचं गाव. आप्पा इथल्या विकास सोसायटीचे सचिव होते. सगळी हयात वसुलीत गेली. माणूस समोर आला की त्याचं नाव आठवायच्या आधी त्याची बाकी आठवायची. लग्नात अक्षता टाकता टाकता शेजारच्याला सांगायचे, "पोरगं देखणं हाय. बापाकडं खावटीचं राहिलंय." ते दिसले की लोक आडवाट धरायचे, आणि गावातल्या झाडून सगळ्या आडवाटा आप्पांना पाठ होत्या. जिल्हा बँकेच्या वसुली अधिकाऱ्याची जीप गावात शिरायची तेव्हा पुढे साहेब आणि मागे मांडीवर खतावणी घेतलेले आप्पा. सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचा वसुलीचा दाखला मिळाला की थकबाकीदाराच्या दारातल्या म्हशीलासुद्धा आपण नक्की कुणाच्या, अशी शंका यायची.

मग ते निवृत्त झाले आणि पंचाईत झाली. सोसायटीत संगणक आला, नवा सचिव आला, तो लोकांना मोबाइलवर मेसेज पाठवून वसुली करू लागला. सोसायटीच्या सचिवाला पेन्शन कसली, पण सवय राहते. पुढाऱ्यांची वही नोकरीत असतानाच सुरू झाली होती. आता वसुलीला गावात दुसरं कुणी उरलं नाही म्हणून आप्पांनी पुढारीच धरले.

असे आप्पा तुमच्याकडेही असतील. पुण्यात ते वाचकांच्या पत्रव्यवहारात असतात, मुंबईत लोकलच्या ठरलेल्या डब्यात, कोकणात २०११ पासून चौपदरी होत असलेल्या मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला चहा पीत. रागावलेला मतदार काही दुर्मीळ नव्हे. पण बहुतेकांचा राग तोंडी असतो आणि चहाच्या दुसऱ्या कपापर्यंत टिकतो. आप्पांचा लेखी आहे, तारीखवार आहे आणि त्याला अनुक्रमणिका आहे.

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एका व्यवहारावर उभं आहे. सोसायटीत 'नवं-जुनं' करतात, शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्याला ते सांगायला नको. मार्चअखेर पीककर्ज भरायचं असतं आणि हातात दमडी नसते. मग पाव्हण्याकडून, नाहीतर टक्क्याने देणाऱ्याकडून चार दिवसांची उसनवारी करायची, कर्ज भरल्याची पावती फाडून घ्यायची, आणि एप्रिलात तेवढंच किंवा जरा चढवून नवं कर्ज उचलून उसनवारी भागवायची. कागदावर सभासद एकदम चोख. आप्पांनी जन्मभर अर्ध्या गावाचं असं नवं-जुनं करून दिलं. "आन् मलाच शिकवत्यात," ते म्हणतात. "जुनं आश्वासन फिटंना, की त्याच्यावर नवं चढवायचं. मुद्दल त्येच. पावती तेवढी नवी."

वहीतली पहिली नोंद १९७१ ची. कर्जदार इंदिरा गांधी, देणे 'गरिबी हटाओ'. आप्पा तेव्हा चड्डीत होते, त्यामुळे ही नोंद वडिलांच्या सांगण्यावरून मागाहून घेतली आहे आणि समासात तसा खुलासाही आहे. मुदतीचा रकाना कोरा. शेऱ्यात: 'व्याज आकारणे बंद केले.' बँका हे बुडीत खात्याला करतात. आप्पांच्या मते त्यांनी ते मयताच्या मागे बोलू नये म्हणून केलं.

१९९५ चं पान दोन रंगांत आहे. युतीने रुपयात झुणका-भाकर देतो म्हटलं आणि खरंच दिली, म्हणून आप्पांनी ते हिरव्या शाईत उतरवलं. पुढे त्या केंद्रांत वडापाव आणि चायनीज शिजायला लागलं तेव्हा हिरव्यावरून लाल रेघ आली. त्याच पानावर मुंबईतल्या चाळीस लाख झोपडीवासीयांना मोफत घरं. तुमचा मुंबईशी काय संबंध, असं मी एकदा विचारलं. आप्पा दुखावले. "मेव्हणा घाटकोपरात हाय. त्या आश्वासनावर मी त्येला तितं ऱ्हा म्हणलं. म्हंजी जामीनदार कोण झालं? मीच की."

२००४ ची नोंद मला सगळ्यांत आवडते. निवडणुकीच्या तोंडावर शेतीपंपांची वीज फुकट झाली. सरकार परत निवडून आलं आणि पुढच्याच वर्षी फुकटपण मागे घेतलं. शेरा असा: 'कर्जदाराने हप्ता भरला, पावती घेतली व हप्ता घेऊन गेला.' सबंध सहकार चळवळीत असा थकबाकीदार बघितला नव्हता, असं आप्पा अजून आश्चर्याने सांगतात. त्या आश्चर्यात थोडा आदरही असतो.

पंधरा लाखांच्या बाबतीत मात्र ते वकिलासारखे काटेकोर आहेत. परदेशातला काळा पैसा आला तर माणशी पंधरा-वीस लाख येतील, असं मोदी २०१३ च्या प्रचारसभेत बोलले होते. म्हणून आप्पांनी नोंद 'सशर्त मंजुरी' अशी घेतली. ओट्यावर कुणी तावातावाने पंधरा लाख मागायला लागला की ते त्यालाच झापतात, "अट वाचली व्हतीस का?" मग २०१५ मध्ये अमित शहांनीच तो जुमला होता म्हणून सांगितलं. आप्पांनी शांतपणे 'निर्लेखित' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. त्यांचं म्हणणं, कर्ज बुडवणारे जन्मात लई बघितले, पण बुडवलं म्हणून तोंडाने सांगणारा हा पहिला. त्याला निदान पुन्हा नोटीस काढायला नको.

यावरून आप्पा कुठल्या पक्षाचे ते ओळखायचा प्रयत्न गावाने करून पाहिला. जमलं नाही. कुणी वचननामा आणो, कुणी संकल्पपत्र, कुणी शपथनामा. वहीत सगळ्यांना रकाने सहाच. आणि फेड झाली तर तीही लिहिलेली आहे. रोजगार हमीचं पान बघण्यासारखं आहे. १९७२ च्या दुष्काळात गाव खडी फोडायला गेलं होतं, आप्पांच्या आईसकट. पुढे कामाच्या हमीचा कायदाच झाला, १९७७ साली, आणि नंतर देशाने तो कित्ता गिरवला. त्या पानावर आप्पांनी 'पूर्ण फेड' लिहून सोसायटीचा शिक्का मारलाय. शिक्का घरी कसा, हे विचारायचं नसतं.

पण ही सगळी किरकोळ खाती. वहीचं पोट फुगलंय ते पाण्याने.

म्हैसाळला कृष्णेतून पाणी उचलायचं, टप्प्याटप्प्याने चढवत मिरज, कवठेमहांकाळ करत जतला आणायचं, ही गोष्ट आप्पा मिसरूड फुटल्यापासून ऐकताहेत. १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ झालं. रोखे निघाले, सभा झाल्या. बच्छावत लवादाने आपल्याला दिलेलं पाणी मे २००० च्या आत अडवलं नाही तर ते हातचं जाईल, असं पुढारी छाती पिटून सांगू लागले. म्हणजे मुदत खुद्द कर्जदारानेच सांगितली! आप्पांना एवढा आनंद कुठल्याच नोंदीने झाला नव्हता. ३१ मे २००० ला संध्याकाळी ते माळावर गेले. आखणीचे दगड होते, त्यांवर सरडे होते. घरी येऊन शेरा लिहिला: 'स्थळपाहणी केली. तारण जागेवर नाही.'

तिथून पुढे पाण्याची नोंद दर निवडणुकीला नवी-जुनी होत आली. 'दिवाळीपूर्वी.' 'पुढील उन्हाळ्याच्या आत.' 'शब्द देतो.' जामीनदाराच्या रकान्यात ते ते गावातले कार्यकर्ते, ज्यांनी सभेत माइक हातात घेऊन "साहेबांनी सांगितलंय म्हणजे झालंच" म्हटलं होतं. त्यातले निम्मे आता 'जामीनदार मयत' या शेऱ्याखाली आहेत. एका कार्यकर्त्याने पक्ष बदलला तर तिथे 'जामीनदार फरार' आहे. तो रोज सकाळी आप्पांच्या ओट्यावर पेपर वाचायला येतो.

तालुक्याच्या काही भागात पाणी पोचलं, हे आप्पा नाकारत नाहीत. पण उचललेल्या पाण्याला वीज लागते, विजेला बिल असतं, आणि ते थकलं की पंप बंद पडतात, तसे ते पडत आले. मग ८१ टक्के बिल सरकारने आणि १९ टक्के लाभधारकाने सोसायचं, अशी वाटणी झाली. हे कळलं त्या दिवशी आप्पा गहिवरले. म्हणाले, "योजना आली, आन् थकबाकी संगट घिऊनच आली. आपल्या रक्ताची हाय, मास्तर."

२०२२ च्या नोव्हेंबरात तर मोठीच गंमत झाली. पाण्याला कंटाळून तालुक्यातल्या चाळीसेक गावांनी मागे कधीतरी कर्नाटकात जायचा ठराव केला होता. कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी तो बाहेर काढला. मुंबईत एकदम धावपळ. विस्तारित म्हैसाळ योजनेच्या फायलीला पाय फुटले, जे मंत्री तालुक्याचं नाव नकाशावर शोधायचे ते प्रत्यक्ष येऊन गेले. आप्पांना नवल वाटलं नाही. दुसरी बँक आपला सभासद उचलायला आली की मगच आपल्या बँकेचा साहेब चहा पाजतो, हे त्यांनी नोकरीत बघितलेलं होतं.

आणि मग एक दिवस गावाजवळच्या ओढ्यात खरंच पाणी सोडलं. मी आप्पांबरोबर गेलो होतो. पाणी हळू येत होतं, पुढे पाचोळा, बाभळीच्या शेंगा आणि कुणाची तरी एक स्लिपर ढकलत. पोरं त्याच्या बरोबरीने, जरा पुढे पळून मागे बघत चालली होती. बायकांनी ओटी आणली होती. काठावर 'पाणीदार नेतृत्व' असा फलक लागला होता, तो पाण्याच्या आधी पोचला होता. आप्पा उकिडवे बसले. धोतराचा सोगा आवरून हात मनगटापर्यंत पाण्यात घातला, ओंजळ वर आणली, वास घेतला.

"गढूळ हाय," ते म्हणाले.

त्या रात्री ते जेवले नाहीत, असं काकूंनी नंतर सांगितलं. पंचवीस वर्षं सांभाळलेलं खातं. कंदिलासमोर बसावं तसे विजेच्या दिव्याखाली वही उघडून बसले होते. शेवटी लिहिलं 'अंशतः फेड'. थोड्या वेळाने उठून पुढे घातलं: 'हक्क राखून'. ओढ्याचं पाणी आठ दिवसांनी आटलं तेव्हा आप्पांच्या चेहऱ्यावर तरतरी आली, हे मी सांगितलं तर ते माझ्याशी बोलणार नाहीत. पण आली होती.

मध्यंतरी त्यांनी कायद्याचा रस्ताही चाचपून पाहिला. तालुक्याच्या वकिलाने सांगितलं, नाद सोडा. तामिळनाडूतल्या फुकट वाटपाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच म्हटलंय की जाहीरनाम्यातलं आश्वासन हे निवडणूक कायद्याच्या कलम १२३ खाली भ्रष्ट आचरण ठरत नाही. त्यानंतर निवडणूक आयोगाने आचारसंहितेत भर घातली, की आश्वासन देताना त्यामागची कारणं द्यावीत आणि पैसा कुठून आणणार ते ढोबळमानाने सांगावं.

"ढोबळमानानं?" आप्पा ओरडले. "पाच हजाराच्या कर्जाला मी सात-बारा मागायचो. आठ-अ मागायचो. दोन जामीनदार, तेबी जमीनवाले. आन् ह्यांना अख्खं राज्य ढोबळमानानं?" वकिलाने फी घेतली नाही. आप्पांनी त्याचीही नोंद ठेवली आहे, वेगळ्या वहीत.

मग माहितीचा अधिकार. गावाबाहेरच्या रस्त्याचं भूमिपूजन दोनदा झालंय, दोन वेगळ्या पक्षांकडून. पहिल्याची कोनशिला आप्पांच्या बांधावर पडली आहे, दुसऱ्याची तिला टेकून उभी आहे. रस्ता नाही. आप्पांनी अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावला आणि विचारलं, या कामाचं पुढे काय झालं? मुदतीत, शेवटच्या दिवशी उत्तर आलं: सदर भूमिपूजनाबाबतची माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही. आप्पांनी अपिलात दोन्ही कोनशिलांचे फोटो जोडले, शेजारी मापासाठी आपली काठी उभी करून. सुनावणीत अधिकारी फोटो बघून बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "काठी तुमची का?"

नोटाचा पर्याय त्यांनी अभ्यासाअंती फेटाळला. २०१३ मध्ये ते बटण आलं तेव्हा आशा वाटली होती. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर आला तेव्हा त्यांनी पेढे आणायला पोरगाही पिटाळला होता. पण विधानसभेला नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली तरी खालचा माणूस निवडून येतो, हे समजल्यावर पोरगा अर्ध्या वाटेतून परत बोलावला. "म्हंजी थकबाकीदाराला नोटीस द्यायची, आन् खाली लिवायचं, तुमी आला न्हाई तरी चालंल."

घरात मात्र या वहीला किंमत नाही. काकूंना लाडक्या बहिणीचे दीड हजार जुलै २०२४ पासूनचे येतात. २०२४ च्या विधानसभेला महायुती २१०० म्हणाली, महाविकास आघाडी ३००० म्हणाली. आप्पांनी दोन्ही आकडे समोरासमोर लिहून फरक काढून ठेवला. काकू चुलीपुढून म्हणाल्या, "अहो, वहीत लिवून कधी किराणा आलाय का? माझं दीड हजार बँकेत येत्यात. तुमचं पाणी कुटं हाय?" पुढच्या मार्चच्या अर्थसंकल्पात २१०० आले नाहीत तेव्हा आप्पांनी बातमी मोठ्याने वाचून दाखवली. काकूंनी ऐकून घेतलं. सप्टेंबरात योजनेसाठी ई-केवायसी निघालं, त्यात नवऱ्याचा आधार क्रमांक लागत होता म्हणे, आणि त्याच्या मोबाइलवर ओटीपी येत होता. तीन दिवस काकू त्यांच्याशी जितक्या गोड बोलल्या तितक्या लग्नानंतर कधी बोलल्या नसतील. आप्पांनी ओटीपी सांगितला, पण आधी कागदावर लिहून, तारीख घालून, पोच घेऊन.

कर्जमाफीची गोष्ट त्यांच्या जास्त वर्मी लागते, कारण ती त्यांच्या खात्यातली. २०१७ ला त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांचे ऑनलाइन अर्ज भरायला हात दिला होता. अंगठा उठत नाही म्हणून म्हातारी माणसं बोटाला लिंबू चोळून रांगेत उभी राहायची. २०१९ ला पुन्हा माफी झाली, दोन लाखांपर्यंत. २०२४ च्या प्रचारात पुन्हा कबूल झाली. या सगळ्या काळात आप्पांचं स्वतःचं पीककर्ज दर ३१ मार्चच्या आत भरलेलं. आश्वासनांवर गाव भरायचं थांबलं की त्यांना रात्री झोप लागत नाही. मग मार्च २०२५ मध्ये अर्थमंत्र्यांनीच सांगितलं, ३१ तारखेच्या आत पीककर्ज भरा. आप्पांनी ती बातमी कापून देवघरात लावली. पुढाऱ्याने वसुलीची भाषा बोलावी, ही त्यांची जन्माची इच्छा होती. ती नेमकी वसूल कुणाकडून व्हायची ते चुकलं. ऑक्टोबरात शेतकऱ्यांच्या आंदोलनानंतर कर्जमाफीची नवी तारीख मिळाली, ३० जून २०२६. मुदतीच्या रकान्यात आता जागा नाही. आप्पांनी कागद चिकटवून रकाना बाहेर काढलाय. वही मिटली की तो जिभेसारखा लोंबतो.

एवढं सगळं असून आप्पा मत कुणाला देतात? हे मला एकदाच कळलं, आणि तेही न विचारता.

विधानसभेच्या प्रचारात उमेदवार स्वतः ओट्यावर आला. आप्पांनी आदल्या रात्री तयारी केली होती. पानापानांत एसटीच्या जुन्या तिकिटांच्या खुणा, प्रश्न क्रमवार, पहिला पाण्याचा. उमेदवाराच्या मागे उपरणी घातलेली तीस-चाळीस पोरं. तो वाकून पाया पडला. आप्पांनी वही उघडली, घसा साफ केला.

"आप्पा, नातू कितवीला गेला?" तो म्हणाला.

नातू सातव्या महिन्यातच झाला होता. मिरजेत काचेची पेटी मिळेना. रात्री दीड वाजता आप्पांच्या मुलाने याला फोन लावला आणि याने तो उचलला. स्वतः. पहाटेपर्यंत पेटी मिळाली होती.

"बालवाडीत हाय," आप्पा म्हणाले.

"आजोबावर गेला असंल. हिशोबाला पक्का."

"व्हय," आप्पा म्हणाले. वही मांडीवर उघडीच होती, पण बोट खुणेवरून निसटलं होतं. काकूंनी चहा आणला. उमेदवार उभ्याने अर्धा कप प्याला, "येतो" म्हणाला आणि गेला. घोषणा पुढच्या आळीत पोचेपर्यंत आप्पा बोलले नाहीत. मग मला म्हणाले, "मास्तर, ह्यो व्यवहार कुठल्या रकान्यात घालायचा?"

मला सांगता आलं नाही. आमच्याकडे मत कशावर पडतं हे जाहीरनामा लिहिणाऱ्यांना आमच्याहून चांगलं ठाऊक आहे. फोन उचलतो का, मयतीला येतो का, तहसीलात एक शब्द टाकतो का. पाणी, रस्ता, कर्जमाफी हे सभेत बोलायचं. ते पेपरात येतं. पेटी पेपरात येत नाही. आणि ज्याने रात्री दीडला पेटी दिली त्याच्याकडे भरदिवसा कालवा मागायचा म्हणजे माणसाला तोंड लागतं. गावात प्रत्येक घरात अशी एकेक पेटी आहे: कुणाच्या पोरीचा दाखला, कुणाची बदली, कुणाचा पोलिस ठाण्यात अडकलेला भाचा. सगळ्या पेट्या मिळून एक कालवा सहज झाला असता, असं आप्पाच एकदा म्हणाले होते. पण ते पुढाऱ्याच्या गैरहजेरीत.

नंतर जिल्हा परिषदेची निवडणूक आली. मुदत संपून वर्षं लोटली होती, त्यामुळे कुठल्याच पक्षाच्या कचेरीत मागचा कागद धड राहिला नव्हता. एका दुपारी मोटारसायकलवरून एक पोरगा आला.

"आप्पा, मागच्या येळचा आमचा वचननामा तुमच्याकडं हाय म्हणं. हाफिसात घावंना. नव्याला आधार पायजे व्हता."

आप्पा ताठ बसले. आयुष्यात पहिल्यांदा कर्जदार स्वतः बाकी विचारायला दारात आला होता. "मूळ वही ओट्याखाली उतरणार न्हाई," ते म्हणाले. पोरग्याने मोबाइलवर फोटो काढला. आप्पांनी पान सरळ धरलं, सावली पडू नये म्हणून मला बाजूला सारलं.

चौथ्या दिवशी गावात पत्रकं आली. गुळगुळीत कागद, हात जोडलेला उमेदवार, कोपऱ्यात आमदार, वर चार नेते. खाली 'आमचे वचन'. तालुक्याच्या छापखान्यातल्या डीटीपीवाल्या पोराला फोटो मिळाला होता आणि काम घाईचं होतं. त्याने जे दिसलं ते टाइप केलं होतं. म्हणून पहिलं वचन असं होतं: 'प्रत्येक वस्तीला म्हैसाळचे पाणी, दिवाळीपूर्वी, जामीनदार मयत.' दुसरं: 'आरोग्य केंद्रास कायमस्वरूपी डॉक्टर, मुदतवाढ चौथी.' तिसरं: 'स्मशानभूमीस शेड, स्थळपाहणी केली, तारण जागेवर नाही.'

दहा वाजेपर्यंत गाव वाचत होतं. बारापर्यंत शेजारच्या गावांतून लोक पत्रक मागायला येऊ लागले. दुपारी कार्यकर्ते घरोघर जाऊन ते परत गोळा करायला लागले, तेव्हा ज्यांनी वाचलं नव्हतं त्यांनीही वाचलं. संध्याकाळी आमदारांची गाडी आप्पांच्या दारात थांबली. मागून उमेदवार उतरला, पडलेल्या चेहऱ्याने.

"आप्पा, छापखान्याची चूक झाली. रात्रीत दुरुस्त करून नवीन टाकतो," आमदार म्हणाले.

"कशापायी?" आप्पा म्हणाले. त्यांच्या हातात एक पत्रक होतं, घडी न घातलेलं. "आजपतुर इतका खरा कागद कुठल्या पक्षानं काढला न्हवता. खाली निस्ती सही करा."

आमदार हसले. आप्पा हसले नाहीत. आमदारांनी कार्यकर्त्यांकडे बघितलं, मग ओट्यावर टेकले, आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. "नातू काय म्हणतोय?"

"नातू ब्येस हाय. त्येचं मी जन्मात इसरणार न्हाई," आप्पा म्हणाले. "पर त्ये खातं येगळं. सही."

आमदारांनी खिसा चाचपला. पेन गाडीत राहिलं म्हणाले. आप्पांनी कानावरचं काढून दिलं.